ठकीच्या गळ्यातला फुगा

“चढताना सगळेच बघतात. तू उतरताना बघ,” असं थोरलीने धाकटीला बजावलं, आणि धाकटीने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. वर “उतरल्यावर काय, दार उघडलं की डॉक्टर उभेच असतात,” असं पुटपुटलीही. मित्रांनो, हे मी खात्रीने सांगते, कारण त्या वेळी दोघींच्या मधल्या टेबलावर मीच उताणी पडले होते.

मी एक जुनी बाहुली आहे. मात्र मला कडेवर घेऊन कुणी कधी मिरवलं नाही, की माझे केस विंचरले नाहीत. केस मला नाहीतच. माझी उंची सहा वर्षांच्या मुलाएवढी, म्हणजे तुमच्यापैकी काहींच्या खांद्याला लागेन एवढी. माझे डोळे मिटत नाहीत आणि तोंडही मिटत नाही. तोंडातून आत डोकावलंत तर पडजीभ दिसेल, तिच्या पलीकडे श्वासनलिका, आणि छातीवरचं झाकण काढलंत तर दोन पिशव्या. ती माझी फुप्फुसं. आजारी माणसाला विमानातून नेताना त्याचा श्वास कसा सांभाळायचा, हे शिकणाऱ्यांनी आधी माझ्यावर शिकायचं. जे चुकायचं ते माझ्यावर चुकून घ्यायचं आणि खऱ्या मुलावर चुकायचं नाही, एवढ्यासाठी माझा जन्म.

माझा जन्म एका साच्यात झाला. गरम रबराचा उग्र वास, दोन अर्धुकं, ती एकमेकांवर दाबली आणि मी झाले. कानांमागची शिवण एका बाईने पात्याने तासून काढली. मग तिनेच माझ्या छातीत पिशव्या बसवल्या आणि तोंडाला तोंड लावून एक फुंकर घातली. छाती वर आली. तिने तळहात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, “चल, जगशील.” माझं कौतुक म्हणून कुणी केलं असेल तर ते एवढंच. पुढे सगळा उलटाच कारभार.

मला आणलं ते एका विमानतळाच्या कडेच्या लांबट खोलीत. वर पत्र्याचं छत, एका भिंतीला साखळीने बांधलेले ऑक्सिजनचे सिलिंडर, आणि खिडकीतून दिसणारी धावपट्टी. तिथे नर्स शिकायला येत. पहिल्याच दिवशी कुणीतरी मला ठकी म्हटलं आणि सगळे फिदीफिदी हसले. ठकी, शीऽ किती थंडगार आहे. ठकीचा जबडा बघ. ठकी, जरा आ कर गं. तुम्हाला असं कुणी म्हटलं तर तुम्ही रडाल. मला रडायची सोय नव्हती, म्हणून मी मनात आकस धरायला शिकले. खोटं कशाला बोलू, त्या खोलीत मला कुणीही आवडत नसे.

सगळ्यांत कमी आवडत ते शिकवणाऱ्या बाई. सडपातळ, कपाळाला कायमची आठी, आणि बोलणं म्हणजे पात्याची धार. त्यांची एक खोड होती. धडा सुरू झाला की त्या माझ्या डोक्याशी धूळ ओढायचं मोठं यंत्र आणून ठेवत आणि ते चालू करत. कानठळ्या बसत. मुली एकमेकींच्या कानात ओरडत, “बाई शिकवतायत की झाडू मारतायत?” मग कुणीतरी स्टेथोस्कोप माझ्या छातीला लावून डोळे मिटून ऐकत बसे आणि बाई तिच्या हातातून तो काढून घेत.

“काय ऐकू आलं?”

“काही नाही, बाई.”

“विमानातही काही ऐकू येत नाही. पंखा, इंजिन, वारा. तिथे कान घरी ठेवून यायचे. डोळ्यांनी छाती बघ. हात ठेव. दोन्ही बाजू सारख्या वर येतायत का ते हाताला विचार.”

आता मित्रांनो, फुग्याचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही, त्याच्या श्वासनलिकेत एक नळी घालतात आणि ती यंत्राला जोडतात. नळीच्या टोकाशी, आत गळ्यात, एक छोटा फुगा असतो. बाहेरून सिरिंजने हवा भरली की तो फुगतो आणि नळीभोवतीची फट बुजते. मग यंत्राची हवा बाहेर निसटत नाही आणि तोंडातली लाळ फुप्फुसात उतरत नाही. बाहेर गालापाशी बोराएवढा आणखी एक फुगा लोंबत असतो. तो चिमटीत धरला की आतल्याचा अंदाज येतो. जमिनीवर हे एकदा नीट केलं की निभतं. पण विमान वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि गळ्यातला फुगा आपोआप फुगत जातो. मग श्वासनलिकेला आतून दाबतो, कोवळ्या जागेला इजा करतो. म्हणून वर जाताना त्यातली थोडी हवा काढायची. हे सगळ्यांना पाठ असे. परीक्षेत विचारलं की एकसुरात म्हणत.

खाली येताना मात्र दाब पुन्हा वाढतो. आधीच हवा काढलेला तो फुगा आक्रसून सुकल्या बोरासारखा होतो आणि बुजलेली फट उघडी पडते. म्हणून उतरताना हवा पुन्हा भरायची. हे कुणाच्याही लक्षात राहत नसे. उतरू लागलं की माणसाला वाटतं, सुटलो. वैमानिक घोषणा करतो, डॉक्टर कागद आवरतो, नर्स पट्टा लावते. सगळ्यांचे डोळे खिडकीकडे. आणि गंमत अशी की ज्याने चढताना काहीच केलं नाही त्याचा फुगा उतरल्यावर निदान पहिल्यासारखा तरी होतो. ज्याने अर्धं बरोबर केलं, त्याचाच रुग्ण बुडतो.

त्या वर्गात एक नवी नर्स आली. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. बाईंना बघताच तिने तोंड फिरवलं आणि बाईंनी हजेरी घेताना तिचं नाव गाळलं. मुलींत कुजबुज झाली, “अगं, या दोघी सख्ख्या जावा आहेत!” तेव्हापासून त्या वर्गात बाई झाल्या थोरली आणि ही झाली धाकटी. मीही तेच म्हणेन.

घरी दोघींचं बोलणं बंद होतं. एक स्वयंपाकघर, दोन चुली, आणि सासूबाई मधल्या मधे दोन्हीकडचं मीठ चाखणाऱ्या. भांडणाचं मूळ मला हळूहळू कळलं, कारण भांडणारी माणसं बाहुलीसमोर आवाज खाली करत नाहीत. धाकटीचं बाळ तान्हं असताना त्याला सर्दी झाली. थोरली दर थोड्या वेळाने येऊन त्याच्या छातीवर हात ठेवायची आणि नुकतं झोपलेलं पोर उठून किंचाळायचं. दोन दिवस न झोपलेली धाकटी शेवटी म्हणाली, “स्वतःला नाही म्हणून दुसऱ्याच्या पाळण्याशी घिरट्या घालू नका.” थोरलीला मूल नव्हतं. शब्द गेला तो गेला. तेव्हापासून थोरली त्या पाळण्याजवळ फिरकली नाही, आणि धाकटीने शब्द परत घेतला नाही.

धाकटीला विमानावरची नोकरी हवी होती ती याचसाठी. उडणाऱ्या नर्सना धावपट्टीपलीकडे दोन खोल्यांचं घर राहायला मिळे. स्वतःची चूल, स्वतःचं दार, आतून लावायची कडी. ती जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी उभी राहून त्या खोल्यांकडे बघायची. आणि त्या खोल्यांची किल्ली होती थोरलीच्या हातात, कारण परीक्षा घ्यायची ती थोरलीने.

थोरलीने तिला दोनदा नापास केलं. पहिल्यांदा तिने नळी घालताना घाई केली आणि माझा वरचा पुढचा दात पाडला. तो दात आजही नाही, बघा. मला इतका संताप आला की नापास झाल्याचं ऐकून मी सुखावले. दुसऱ्यांदा तिने यंत्राच्या गोंगाटात कानावर भरवसा ठेवला आणि नळी अन्ननलिकेत गेल्याचं तिला कळलंच नाही. छातीऐवजी माझं पोट वर येत होतं.

“मुद्दाम करताय तुम्ही,” धाकटी म्हणाली. “मी घराबाहेर पडू नये म्हणून.”

“तू घराबाहेर पडलीस तर मी पेढे... जाऊ दे. पोट बघ तिचं. मी फुगवलं का?”

तिसरी परीक्षा हवेत होती. मला छोट्या विमानात पट्ट्यांनी बांधलं. थोरली एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला, पुढे वैमानिक. डोंगररांग ओलांडायची म्हणून विमान चढत गेलं. माझ्या गळ्यातला फुगा टरारला. धाकटीने बरोबर वेळी बोर चिमटीत धरलं, सिरिंज लावली, हवा काढली, काट्यावर दाब मोजला. हात असा स्थिर की मला पाडलेला दात विसरावासा वाटला. छातीवर तळहात, डोळे माझ्यावर. मग वैमानिकाने अंगठा खाली करून दाखवला. उतरायचं होतं. धाकटीने सुस्कारा सोडला, पट्टा आवळला आणि खिडकीतून पलीकडच्या दोन खोल्यांचं छप्पर शोधू लागली.

माझ्या गळ्यात फुगा आक्रसला. मला सगळं कळत होतं आणि मी बाहुली होते. थोरली माझ्या गालाकडे बघत होती, धाकटीकडे बघत होती, आणि तिच्या हातांच्या मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या. तीही बोलली नाही.

विमान थांबलं. “झालं?” थोरलीने विचारलं.

“झालं,” धाकटी म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

थोरलीने मला वर्गात आणवलं, सगळ्या मुलींना बोलावलं, आणि बाटलीतलं निळं पाणी माझ्या तोंडात ओतलं. मग छातीवरचं झाकण काढलं. दोन्ही पिशव्यांत निळं पाणी हेलकावत होतं.

“ही लाळ,” ती म्हणाली. “ही उलटी. हे त्या पोराच्या फुप्फुसात.”

धाकटीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. “तुम्हाला दिसत होतं. तिथे बसून बघत होतात आणि एक शब्द बोलला नाहीत!”

“तुझ्या शेजारी मी नेहमी बसणार आहे का?”

“सगळ्यांसमोर तमाशा करायचा होता तुम्हाला. झाला. पोट भरलं?”

“माझं नाही,” थोरलीने माझ्या छातीकडे बोट दाखवलं. “हिचं भरलं.”

धाकटी तडक साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे त्या विभागाचे मोठे डॉक्टर. ते मुळात भांडणांना कंटाळलेले, आणि घरातली भांडणं कचेरीत आली की त्यांचं डोकं दुखे. “घरचा राग तुम्ही टेबलावर काढायचा नाही,” असं ते थोरलीला म्हणाले आणि परीक्षा स्वतः घेतली. जमिनीवरच, माझ्यावरच, खिडकी उघडी टाकून, निवांत. धाकटीने सगळं चोख केलं. विमान चढलं असं समजून हवाही काढली.

“उत्तम,” साहेब म्हणाले.

दारात उभी असलेली थोरली म्हणाली, “साहेब, उतरणं राहिलं.”

“अहो बाई, चढलेलं विमान उतरतंच!” साहेब हसले, सगळ्या मुली हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने हसली ती धाकटी.

थोरली जागची हलली नाही. हसणं सरल्यावर ती धाकटीजवळ आली आणि हळू बोलली, पण मी तिथेच असल्याने मला ऐकू आलं. “पास झालीस, आनंद आहे. एक लक्षात ठेव. तुझ्या हातून काही झालं तर घरी येऊन मला सांगायचं नाही. त्या पोराच्या आईला सांगायचं. तिच्या डोळ्यांत बघून.”

“किती विखारी बोलता हो तुम्ही, जाऊबाई.”

“हो. विसरू नकोस म्हणून.”

मित्रांनो, त्या दिवशी मला थोरलीची शिसारी आली. शिकवणाऱ्याने असं शापासारखं बोलावं का? मी पडल्या पडल्या धाकटीच्या बाजूची झाले, दात पाडलेला असूनही.

धाकटीची पहिली खरी खेप लगेच आली. डोंगरापलीकडच्या छोट्या दवाखान्यातून एका मुलाला आणायचं होतं. वय सहा, म्हणजे माझ्याच उंचीचा. विमान गेलं. थोरलीने वर्ग घेतलाच नाही. तिने धूळ ओढायचं यंत्र पुसलं, मग पुन्हा पुसलं. सिलिंडरच्या साखळ्या ओढून पाहिल्या. माझ्या गालावरचा फुगा चिमटीत धरून सोडला, धरून सोडला. एका मुलीने चहा आणला तर तिच्यावरच खेकसली, “मागितला होता मी?” आणि मग तो थंड झालेला चहा घटाघट प्यायली.

विमान उतरल्याचा आवाज आला. रुग्णवाहिकेचं दार लागल्याचा आला. बऱ्याच वेळाने वर्गाचं दार धाडकन उघडलं आणि धाकटी आत आली. अंगावर अजून पट्टे, केस कपाळाला चिकटलेले.

“या बाहुलीसमोरच सांगते,” ती म्हणाली, “कारण हिनेही बघितलंय तुम्ही माझं काय केलंत ते.”

थोरली उभी राहिली. “बोल.”

“वर जाताना हवा काढली. सगळं ठीक. उतरू लागलो, डॉक्टर पट्टा लावत होते, मीही लावला. मागे त्याची आई बसली होती, तिच्या ओढ्याचं टोक तिने दातात धरलं होतं...” ती थांबली. “ओढणीचं. ओढणीचं टोक. मला बोलताही येत नाहीये. मी खिडकीकडे बघणार, एवढ्यात तुमचं थोबाड आठवलं. ते निळं पाणी आणि वरून तुमचं थोबाड. असला राग आला! रागाने मान वळवली तर समोर त्याची आई. मग हात त्याच्या गालाशी गेला. फुगा मेणासारखा मऊ. छाती अर्धीच येत होती वर. यंत्र ओरडत असणार, पण ऐकू येतंय कुणाला. हवा भरली. भरली, दाब बघितला, हात ठेवला. आली. दोन्ही बाजू आल्या.”

मला वाटलं, आता थोरली तिला जवळ घेईल. गोष्टींमध्ये तसंच होतं ना?

“म्हणजे रागाने गेला हात,” थोरली म्हणाली.

“रागानेच. आभार मानायला आले असं समजू नका. मी अजून चिडलेलीच आहे तुमच्यावर.”

“चीड ना. हात धुऊन चीड.” थोरलीची आठी तशीच होती. “पोर कसं आहे आता?”

“बरं आहे. वॉर्डात घेतलं त्यांनी.”

“बघून आलीस?”

“दारात सोपवलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, ठीक आहे.”

“म्हणाल्या,” थोरली म्हणाली. “तू बघितलंस?”

धाकटीने पट्टे सोडले आणि ते माझ्या पायांवर आपटले. “माणूस आहात की कोण आहात तुम्ही! सकाळपासून पोटात अन्न नाही माझ्या. घरी माझं पोर वाट बघतंय.”

“तुझ्या पोराला मी भरवते,” थोरली म्हणाली. आणि मग, जड दगड उचलावा तशी, “तुझी परवानगी असेल तर.”

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. “वरणभात नको, मऊ भातच द्या. दात येतायत त्याला,” एवढं म्हणून ती वळली आणि धाडकन दार लावून वॉर्डाकडे गेली. थोरलीने पर्स उचलली. माझ्या छातीचं झाकण उघडंच राहिलं, ते लावायचंही तिला सुचलं नाही.

त्या मुलाच्या नळीची चिकटपट्टी हलवाहलवीत सैल झाली होती आणि धाकटीने ती सिस्टरकडून नवी लावून घेतली, असं मुली नंतर बोलत होत्या. धाकटीने मात्र थोरलीला ते सांगितलं नाही. तेवढं सुख तिला द्यायचं नाही, असं ठरवलं असावं. पुढे ती त्या दोन खोल्यांत राहायला गेली. दोघी गोडीने वागू लागल्या असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी तुम्हाला खोटं शिकवायला जन्मले नाही. दोघींची तोंडं वाकडीच राहिली. फक्त धाकटीची खेप असली की तिचं पोर वर्गात थोरलीच्या खुर्चीशी बसलेलं दिसे, माझ्या नाकात बोटं घालत.

मग नव्या बाहुल्या आल्या. त्यांचे डोळे मिटतात, त्यांच्या अंगात तारा आहेत, त्या खोकतातसुद्धा. मला कपाटात ठेवलं, डोकं खाली, पाय वर, उरलेल्या नळ्यांच्या ढिगावर. माझं रबर तडकलं आहे. एक पिशवी फाटली आहे. तक्रार करत नाही. म्हणजे करते, पण त्यासाठी तुम्हाला थांबवून ठेवत नाही. तुम्हाला थांबवलंय ते दुसऱ्याच कामासाठी.

तुमच्या घरात नाहीतर शेजारी कुणीतरी नुकतंच मोठ्या दुखण्यातून उठलं असेल. आजोबा असतील, मावशी असेल, वर्गातला बाक रिकामा ठेवून गेलेला एखादा मित्र असेल. दवाखान्यात होते तोवर सगळे भेटायला गेले, फळं नेली, रात्री जागून काढल्या. घरी आणलं, आणि सगळे आपापल्या कामाला लागले. कुणी विचारलं तर सांगतात, आता बरं आहे. तुम्हीही तेच सांगत असाल. कुणीतरी सांगितलं म्हणून.

तर आता हे पुस्तक उपडं ठेवा आणि त्यांच्याकडे जा. दाराबाहेरून हाक मारून परत येऊ नका. आत जा, जवळ बसा, चिडले तर चिडू द्या. जमलं तर छातीवर हलकेच हात ठेवा आणि दोन्ही बाजू वर येतायत ना ते बघा.